बांध, खूण आणि कुंपण : गोदाकाठच्या शेतहद्दीच्या खर्चाचा इतिहास
(विशेष संदर्भ : अंकुशनगर परिसर, ता. अंबड, जि. जालना)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने महसूल, दुष्काळ, कूळकायदा आणि सिंचन या विषयांभोवती झाले आहे. दोन शेतांच्या मधली हद्द हा विषय मात्र वकिलाचा आणि तलाठ्याचा समजला गेला. वस्तुतः तहसील कचेरी, भूमी अभिलेख कार्यालय आणि दिवाणी न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवीत हद्दीचा एखादा कागद हमखास सापडतो. 'शेजाऱ्याने बांध कोरला' हे या वादाचे दृश्य रूप होय. त्याच्या मुळाशी एक जुना आर्थिक प्रश्न आहे : दोघांच्या मधली हद्द राखायची तर तिचा खर्च कोणी सोसायचा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हद्दीचा खर्च पूर्वी प्रामुख्याने जमिनीच्या आणि श्रमाच्या रूपाने दिला जात होता. सिंचन, नगदी पीक आणि वाटण्या यांमुळे तो रोख पैशाच्या रूपात आला. मात्र या रोख खर्चाची दोन शेजाऱ्यांत विभागणी करणारा नियम निर्माण झाला नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अंकुशनगर हे जुन्या पांढरीवरचे गाव नव्हे. अंबड तालुक्यात महाकाळा गावाजवळ समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने ही वसाहत उभी राहिली आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांच्या नावाने ती ओळखली जाते. निजामी राजवटीतील मोजणी, जायकवाडीचा कालवा, सहकारी साखर कारखानदारी आणि भाऊहिश्शांचे तुकडे या सर्व प्रक्रिया या परिसरात एकावर एक आलेल्या असल्याने प्रस्तुत विषयासाठी तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

धर्मशास्त्रातील दोन स्वतंत्र प्रकरणे

शेताचे कुंपण आणि शेताची सीमा या दोन गोष्टी आज एकच समजल्या जातात. प्राचीन व्यवहारशास्त्राने मात्र त्यांचा विचार वेगवेगळा केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कुंपणाचा उल्लेख गुरांचा मालक व गुराखी यांच्यातील वादाच्या म्हणजे स्वामिपालविवादाच्या प्रकरणात येतो. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीची चराऊ जागा सोडावी, तिच्यालगत ज्याचे शेत असेल त्याने उंटाला वरून दिसणार नाही इतके उंच आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरणार नाही इतके दाट कुंपण घालावे, असे तेथे सांगितले आहे. कुंपण नसलेल्या अशा शेतातील पीक गुरांनी खाल्ले तर गुराख्याला दंड नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. कुंपणाचा खर्च शेतमालकाचा, आणि ते कुंपण गुरांविरुद्ध. शेजारच्या शेतकऱ्याविरुद्ध नव्हे.

शेजाऱ्याशी असलेला संबंध त्यानंतरच्या सीमाविवाद प्रकरणात येतो. तेथे कुंपणाऐवजी खुणांचा विचार आहे. वड, पिंपळ, पळस, सावर, ताड यांसारखी झाडे, मातीचे उंचवटे, तळी, विहिरी आणि देवालये ही उघड चिन्हे होत. दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू ही जमिनीत पुरून ठेवायची गुप्त चिन्हे होत. शेत, विहीर, बाग आणि घर यांच्या हद्दीचा निर्णय 'सामंतांच्या' साक्षीने करावा, असेही तेथे म्हटले आहे. येथे सामंत या शब्दाचा अर्थ लगतचा शेजारी असा आहे. सीमेचा वाद ज्येष्ठ महिन्यात, चिन्हे स्पष्ट दिसत असताना मिटवावा, हा या प्रकरणातील निर्देश पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. रान मोकळे असते, गवत वाळलेले असते आणि पेरणीस अवकाश असतो, असा हा काळ होय.

याज्ञवल्क्यस्मृतीतही सीमाविवादाचे प्रकरण आहे. तिच्यावरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ.स. १०७६–११२६) याच्या काळात कल्याणी येथे लिहिली गेली. आजचे बसवकल्याण ते हेच. मराठवाड्याच्या वेशीवरच हा विचार झाला होता, हे यावरून दिसते.

गावगाड्यातील शीव

मराठेशाहीत गावशिवेचे वाद गोतसभेपुढे अथवा मजालशीपुढे येत आणि निवाड्याचा महजर होत असे. साक्षीपुराव्याने निर्णय झाला नाही तर दिव्याचा अवलंब केला जाई. शिवेची माहिती पिढ्यान्‌पिढ्या जपणारा माणूस म्हणजे गावचा महार. त्याची साक्ष शिवेच्या वादात महत्त्वाची मानली जाई. हद्द ओळखण्याचे, राखण्याचे आणि प्रसंगी दाखवून देण्याचे काम अशा प्रकारे गावाच्या वतीने एका समाजावर सोपविलेले होते. त्याचा मोबदला बलुत्याच्या व वतनाच्या रूपाने, बहुधा अपुरा, दिला जाई. हद्दीच्या खर्चाचा एक भाग येथे वेठीच्या श्रमातून भागविला जात होता, ही गोष्ट जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाताना विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्यामागे याच स्वरूपाच्या अमर्याद सेवेचा प्रश्न होता.

शेताशेतांमधील हद्द मात्र बांधाने राखली जाई. काही भागात धुरा असेही नाव असलेली ही न नांगरलेली पट्टी दोन्ही शेजाऱ्यांच्या जमिनीतून सोडलेली असे. तिच्यावर बाभूळ, लिंब, बोर वाढे, गवत मिळे, बैलगाडीला आणि माणसाला वाट मिळे, पावसाळ्यात माती अडे. बांध ही दोघांनी मिळून सोडलेली जमीन होती आणि तीच हद्दीच्या खर्चाची वर्गणी होती. पैसा द्यावा लागत नसल्याने हा खर्च खर्च म्हणून जाणवत नसे. काट्याचे कुंपण घातले जाई ते मळ्याला, गावालगतच्या शेताला किंवा गाडीवाटेच्या कडेला. दरवर्षी बाभळीचे व बोरीचे फास तोडून ते रचले जात. सुगीनंतर रान मोकळे झाले की गुरे सर्वत्र चरत. त्यामुळे कायमच्या कुंपणाला तेथे प्रयोजन नव्हते.

साखळी, टिपण आणि धारकाची जबाबदारी

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेत शासनाच्या मोजणीने मूलभूत बदल केला. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीस प्रारंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित केले. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीत १८६५ साली जिल्हाबंदी झाली आणि त्यानंतर मराठवाड्यातील जिल्ह्यांची मोजणी मुंबईच्या धर्तीवर करण्यात आली. अंबड तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर तो नव्या जिल्ह्यात आला.

मोजणीचे साधन ३३ फुटांची साखळी हे होते. तिचे सोळा आणे पाडलेले असत. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचे कोपरे, आडवी-उभी अंतरे आणि खुणा टिपणात उतरविल्या गेल्या. शेजाऱ्याची आठवण, महाराची साक्ष आणि झाडांच्या खुणा यांच्या जागी आता कचेरीतील कागद प्रमाण ठरला. हा कागद पक्षपाती नव्हता हे खरे. परंतु तो वाचणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, हेही तितकेच खरे. हद्द जाणण्याचे ज्ञान शिवारातून दप्तरखान्यात गेले आणि ते परत मिळविण्यासाठी फी मोजावी लागू लागली.

हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इ.स. १९०७-०८ चा आहे. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने राज्यभर एकच व्यवस्था आणली. संहितेच्या कलम १३२ ते १४६ मध्ये हद्दी व हद्दीच्या खुणांविषयीच्या तरतुदी आहेत. कलम १३९ अन्वये अधिकारी खुणा बांधवून किंवा दुरुस्त करवून घेऊ शकतात आणि त्याचा खर्च संबंधित धारकांवर बसवू शकतात. कलम १४० प्रमाणे आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी प्रत्येक धारकाची असून, त्या नाहीशा झाल्यास दुरुस्तीच्या वाजवी खर्चासही तोच जबाबदार आहे.

या तरतुदी बारकाईने पाहिल्या असता तीन प्रकारचे खर्च वेगळे करता येतात. पहिला खुणांचा, तो संबंधित धारकांनी सोसावा, असे संहिता सांगते. दुसरा हद्द कायम मोजणीचा; त्याची फी अर्जदार भरतो, लगतच्या धारकांना नोटीस जाते, परंतु मोजणीने दोघांचीही हद्द ठरत असली तरी फीचा वाटा शेजाऱ्यावर येत नाही. तिसरा कुंपणाचा, त्याविषयी संहिता मौन पाळते. कुंपण घालणे ही धारकाची खासगी इच्छा समजली गेली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला होता. पीक राखण्याचा भार अशा रीतीने गुरांच्या मालकाकडे सरकला. त्यामुळेही सामाईक कुंपणाचा प्रश्न कायद्यापुढे ठळकपणे आला नाही.

बांधाचे गणित

वाटण्यांनी या प्रश्नाचे स्वरूप पालटले. एक साधे गणित मांडले तर हे स्पष्ट होईल. दहा एकरांचे चौरस शेत घेतले तर त्याची प्रत्येक बाजू ६६० फूट, म्हणजे वीस साखळ्या भरते. एका बाजूच्या तीन फूट रुंद बांधाखाली १,९८० चौरस फूट, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन जाते. निम्मा भार शेजाऱ्याचा धरला तर धारकाच्या वाट्याला गुंठ्याहून कमी जमीन येते. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या काळात एवढा त्याग सहज होत असे.

हेच शेत चार भावांत उभे वाटले गेले तर प्रत्येकाला अडीच एकरांची, १६५ फूट रुंदीची पट्टी मिळते आणि आत तीन नवे बांध पडतात. त्यांच्याखाली आणखी साडेपाच गुंठ्यांच्या आसपास जमीन अडकते. पट्टी जितकी अरुंद तितका बांध डोळ्यांत खुपतो. कुंपणाचे गणित याहून बोलके आहे. अविभक्त शेताचा परीघ २,६४० फूट होता. वाटणीनंतर चौघांनी मधली कुंपणे सामाईक ठेवली तर एकूण ४,६२० फूट कुंपण लागेल. परंतु प्रत्येकाने आपापले स्वतंत्र घातले तर ते ६,६०० फूट होईल. मधल्या हद्दीवर एकमेकांना लागून दुहेरी उभे राहणारे १,९८० फूट कुंपण ही निव्वळ अविश्वासाची किंमत होय, आणि ती सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध मोजतात. बांधाला बांध असलेला माणूस बहुतेक वेळा परका नसतो. तो भाऊ, चुलता किंवा पुतण्या असतो. म्हणूनच हा वाद शिवारात राहत नाही. तो घरातल्या लग्नकार्यात, दहाव्या-तेराव्यात आणि सणावारात शिरतो.

कालवा, ऊस आणि कुंपण

पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डावा कालवा अंबड तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाना आला आणि कारखान्याभोवती अंकुशनगर आले. या प्रक्रियेने शेतकऱ्याला स्थैर्य दिले, याविषयी दुमत नाही. तथापि तिने हद्दीच्या जुन्या व्यवस्थेचे आधार एकेक करून काढून घेतले.

पहिला आधार मोकळ्या हंगामाचा. खरीप-रब्बीच्या पद्धतीत उन्हाळ्यात सारे शिवार उघडे पडे. ज्येष्ठात सीमा पाहावी, या प्राचीन निर्देशामागे हीच वस्तुस्थिती होती. ऊस शेतात वर्षभर आणि आडसाली असेल तर सोळा ते अठरा महिने उभा राहतो. एकाचा तुटतो तेव्हा दुसऱ्याचा उभा असतो. दोन्ही बाजूंनी बांध उघडा दिसण्याची वेळच उरली नाही. वाढलेल्या उसाच्या आड एकेक तास सरकत गेले तरी ते लक्षात येण्यास वर्षे जातात.

दुसरा आधार बांधाच्या उपयोगाचा. बैल कमी झाले तसे बांधावरच्या गवताचे मोल घटले. ट्रॅक्टरच्या नांगराला वळायला जागा हवी असते आणि तो बांधाच्या पायथ्याशी खोल जातो. बांधावरच्या झाडाची सावली पिकावर पडते म्हणून झाड तुटते. पाटाच्या पाण्याचा पाझर बांधाखालून शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि तेथे वापसा येत नाही म्हणून नवी तक्रार उभी राहते.

तिसरा आधार मातीचा, आणि तो मुळातच डळमळीत होता. गोदाकाठची काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात रोवलेला हद्दीचा दगड कलतो, खचतो, कधी पूर्ण दिसेनासा होतो. कुंपणाच्या खांबांचीही तीच गत होते. त्यामुळे कुंपण एकदा घालून भागत नाही. दुरुस्तीचा खर्च दर काही वर्षांनी नव्याने उभा राहतो आणि त्याबरोबर वादही.

बांध आक्रसला की त्याची जागा तारेच्या कुंपणाला घ्यावी लागते. येथे धर्मशास्त्राने वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी एकत्र आल्या. गुरांसाठी असलेले कुंपण आता शेजाऱ्यासाठी घातले जाऊ लागले आणि तेच हद्दीची खूण समजले जाऊ लागले. खांब कोणाच्या जमिनीत रोवायचे, तारेचा खर्च कोणी करायचा, एकाने केलेल्या कुंपणाचा फायदा दुसऱ्याने फुकट का घ्यावा, आणि खर्च करणाऱ्याने वीतभर पुढे सरकून कुंपण घातले तर विचारायचे कोणी, हे प्रश्न यातूनच निर्माण झाले. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण विश्वासघाताविषयी वापरली जाते. बांधावर मात्र ती शब्दशः खरी ठरताना दिसते.

खर्चाच्या विभागणीचे अन्य मार्ग

इतर देशांच्या कायद्यांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरते. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने दोन मालमत्तांमधील सामाईक भिंतीची दुरुस्ती हक्कदारांनी आपापल्या हक्काच्या प्रमाणात करावी, असे ठरविले. हा खर्च टाळायचा असेल तर भिंतीवरील आपला हक्क सोडून देण्याची मुभाही तिने दिली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९९१ च्या कायद्यानुसार पुरेशा कुंपणाचा खर्च दोन्ही लगतच्या मालकांनी समसमान सोसावा लागतो. पुरेशाहून अधिक चांगले कुंपण हवे असेल तर वाढीव खर्च मागणाऱ्याचा. दोन्ही ठिकाणी सामाईक हद्द ही सामाईक जबाबदारी आहे, हे सूत्र समान आहे. बांधाच्या रूढीत हेच सूत्र लेखणीविना पाळले जात होते. बांध गेला तेव्हा त्याच्याबरोबर ते सूत्रही गेले, आणि कायद्याने ते कुंपणाला लागू केले नाही.

महाराष्ट्रात तडजोडीचे दोन शासकीय प्रयत्न उल्लेखनीय आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावपातळीवरील समितीला वाद मिटविण्याचे काम देण्यात आले. गोतसभेची ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच की जातीच्या उतरंडीवर उभा असलेला जुना गाव आता तिच्या पाठीशी नाही, आणि नसावाही. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सलोखा योजनेने एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या शेतकऱ्यांना अदलाबदलीचा दस्त करण्यासाठी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी प्रत्येकी नाममात्र एक हजार रुपये ठेवली. त्यासाठी किमान बारा वर्षांचा ताबा ही अट आहे. वाद मिटविण्याचा खर्च शासनाने अंशतः स्वतःकडे घेतल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. मात्र ताब्याची अदलाबदल हा या योजनेचा विषय आहे. बांधाची रुंदी आणि कुंपणाची वर्गणी तिच्या कक्षेबाहेर राहतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. हद्द कधीही फुकट राखली गेली नाही. कधी तिची किंमत सोडलेल्या जमिनीने, कधी महाराच्या वेठीने, कधी धारकाच्या श्रमाने आणि आता मोजणीची फी, तार, खांब व वकील यांवरील रोख पैशाने दिली गेली आहे. बांध हा मागासलेल्या शेतीचा अवशेष नसून दोन शेजाऱ्यांनी समसमान भरलेली वर्गणी होती. सिंचन आणि नगदी पिकाने जमिनीचे मोल वाढविले तेव्हा ही वर्गणी परत काढून घेण्याचा मोह दोघांनाही झाला. परंतु तिच्या जागी येणाऱ्या खर्चाची वाटणी ठरविण्याचे कोणाला सुचले नाही.

कालवा आणि ऊस मागे घेता येत नाहीत. वाटण्याही थांबविता येत नाहीत. वाटणीपत्र लिहिताना क्षेत्र, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि आंब्याचे झाड यांचा तपशील नोंदविला जातो. त्याच कागदावर बांधाची रुंदी, मोजणीच्या फीचा वाटा आणि कुंपणाच्या दुरुस्तीची पाळी यांच्या चार ओळी लिहिल्या गेल्या, तर कायद्याने मोकळी ठेवलेली जागा शेतकरी स्वतःच भरून काढू शकतील. त्या ओळी लिहिण्याची योग्य वेळ वाटणीच्या दिवसाचीच असते, कारण त्या दिवशी भाऊ अद्याप एकाच पंगतीला बसलेले असतात.